बाबा फक्त झोपले होते

प्ले थेरपी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी रावेतच्या एका चकचकीत सेंटरमध्ये मला निरीक्षणाला बोलावलं होतं. दोन दिवसांचा कोर्स करून थेरपिस्ट झालेल्या एक बाई, समोर सहा वर्षांची मुलगी. शाळेत फार गप्प असते म्हणून आणलेली.

मुलीने बाबा केलेल्या बाहुल्याला पलंगावर झोपवलं, तोंडावरून पांघरूण घातलं आणि बाकीच्या बाहुल्यांना दटावलं, "आवाज करायचा नाही."

बाईंनी तिथेच खेळ थांबवला. आईला आत बोलावून मुलीदेखत विचारलं, "घरात वडिलांची दहशत आहे का?"

आई गोंधळली. "अहो मॅडम, त्यांना थर्ड शिफ्ट असते चाकणला. दिवसा झोपतात."

अहो थेरपिस्टबाई, घरोघरी शिफ्टवाले असलेल्या गावात दुकान थाटलंत आणि एवढंही ठाऊक नाही? अर्थ सांगायची इतकीच घाई असेल तर ज्योतिष बघा, गिऱ्हाईक जास्त मिळेल. आपलं काम गप्प बसून खेळ पुरा होऊ देण्याचं आहे.

बाई तरीही वहीत लिहीतच होत्या. मुलीने हळूच मला विचारलं, "आता चार वाजले म्हणू? बाबांना उठवायचंय. उठले की ते आम्हाला बागेत नेतात."