आधी निकाल, मग कोट

फोन आला तेव्हा मी एका डच बाईच्या पडद्यांची खालची पट्टी शिवत होते. मशीनवरचा पाय काढायच्या आत नर्स बोलून मोकळीही झाली. "माधवी? फेरेन्त्स आज सकाळी गेले. शांतपणे गेले." ना 'जरा बसून घे', ना 'बातमी चांगली नाही'. या देशात माणसं अशीच बोलतात, मग ती डॉक्टर असोत की बँकेतली. पुढे तिने एवढंच सांगितलं, की तुला आजच कळवायचं, उद्यावर टाकायचं नाही, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. मी तिचे आभार मानले आणि उरलेला पडदा पूर्ण केला. वाकडा शिवला गेला होता, दुसऱ्या दिवशी सगळा उसवावा लागला.

त्याला आता सहा आठवडे झाले. फेरेन्त्स हे विमानतळाला लागून असलेल्या बाडहूव्हडॉर्पमधले आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे हंगेरीतले. एकोणीसशे छप्पन्न साली त्यांच्या देशात रशियन रणगाडे शिरले तेव्हा अठराव्या वर्षी सीमा ओलांडून आलेले, आणि पुढे विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा चढवण्या-उतरवण्याच्या कामातून निवृत्त झालेले. मी निखिलच्या नोकरीमागून पुण्याहून इथे आले, दोन वर्षं खिडकीतून विमानं मोजली आणि शेवटी सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, 'कपडे दुरुस्त करून मिळतील'. पहिलं गिऱ्हाईक हेच. हातात कोपराला विरलेली हिरवी-पांढरी जर्सी. "रफू कर, पण नवी दिसता कामा नये," अशी तंबी. कुठल्या संघाची म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तू नाव ऐकलेलं नसणार. आमच्या गावाबाहेरही फारसं कुणी ऐकलेलं नाही."

तिसा नदीकाठचं लहानसं गाव. त्याचा फुटबॉल क्लब व्यावसायिक, पगारी खेळाडूंचा, पण गोलपोस्टच्या मागे मक्याचं शेत. चेंडू उंच गेला की शेतातून शोधून आणायचा. फेरेन्त्सचे वडील त्या मैदानाचे राखणदार होते. सामन्याच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेघा तेच आखायचे, दोरी न लावता, नुसत्या नजरेने... हे सांगताना डोक्यावरून विमान गेलं, की फेरेन्त्स वाक्याच्या मधोमध थांबत आणि आवाज विरला की बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. मी त्यांना काका म्हणणार होते, पण हा शब्द डचमध्ये आणि हंगेरियनमध्येही लहान मुलांच्या शीसाठी वापरतात, असं त्यांनी हसू दाबत सांगितलं. मग त्यांनीच तोड काढली. त्यांच्याकडे काकांना 'बाची' म्हणतात, आणि आपल्यासारखंच नावाला मागून जोडतात. फेरेन्त्सचं लाडाचं रूप फेरी, म्हणून तेव्हापासून ते माझे फेरीबाची झाले.

त्यांची नजर अधू होत चालली तसं शनिवारी संध्याकाळी माझ्या फोनमध्ये बघून क्लबचा निकाल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हंगेरियन नावं मी मराठी वाचावं तशी सरळसोट वाचायचे आणि ते पोट धरून हसायचे. बटाट्याची जाडसर पोळी करून ठेवत, आपल्या थालीपिठाची लांबची बहीण शोभेल अशी. त्यांच्या संडासात, सगळ्या डच घरांत असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यात वार नसतो, वर्ष नसतं, नुसत्या तारखा, म्हणजे जन्मभर पुरतं. त्यावर जाड मार्करने मोठ्या अक्षरांत क्लबचा स्थापना दिवस होता, माझा वाढदिवस होता, आणि 'आपा', म्हणजे वडील, हा शब्द दोनदा होता. एक जन्माची तारीख, एक मृत्यूची असावी, असं मी धरून चालले होते.

मग तो मे महिना आला. क्लब पहिल्या विभागातून खाली घसरायच्या बेतात होता. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी पुरे होतं, हरले तर दुसऱ्या विभागात उतरायचं. आणि नेमकी त्याच आठवड्यात फेरीबाचींच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. रविवारी मी इस्पितळात गेले. अंगभर नळ्या, ओठ कोरडे. मला ओळखून त्यांनी एकच शब्द विचारला, "राहिलो?"

शेवटच्या पाच मिनिटांत गोल खाऊन आमचे हिरवे-पांढरे हरले होते. ते मला आदल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. "राहिलो," मी म्हटलं. "एक-एक." त्यांनी डोळे मिटले आणि पाणी कानापर्यंत ओघळलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आमच्या घरात आजाऱ्याला वाईट बातमी सांगायची पद्धतच नाही. बाबांना कर्करोग झाला तेव्हा शेवटपर्यंत आम्ही त्यांना 'पोटात अल्सर आहे' हेच सांगितलं, इथून व्हिडिओ कॉलवर मीसुद्धा. त्याला खोटं बोलणं नाही म्हणत आम्ही, जपणं म्हणतो.

ते घरी आले, हिंडूफिरू लागले, तरी मी गप्पच. रोज म्हणायचे, उद्या सांगू. निखिल म्हणाला, "माधवी, कोंबडं झाकून ठेवलंस म्हणून उजाडायचं राहणार आहे का? नवा सीझन सुरू झाला की काय करशील? फिक्स्चर्सपण तूच बनवणार?" त्याची वेळच आली नाही. दर जुलैत फेरीबाची क्लबच्या कचेरीत फोन करून सभासदत्व वाढवून घेत. तिथली बाई गहिवरून म्हणाली, दुसऱ्या विभागात गेलो तरी तुम्ही आम्हाला सोडलं नाहीत...

ते जिना चढून वर आले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच. धापा टाकत दारात उभे राहिले, आत यायला तयार होईनात. मी आपलं पालुपद लावलं, की आमच्याकडे आजारी माणसाला सांगत नाहीत, तुम्हाला जपण्यासाठीच केलं.

"मग तुमच्याकडे आजारी माणूस एकटाच पडत असेल," ते म्हणाले.

विमान गेलं. ते थांबले, आणि मग एकेक शब्द ठेवावा तसं बोलले. ते पळून आल्यावर दोन वर्षांनी त्यांचे वडील वारले. आई आणि बहीण मात्र जवळजवळ वर्षभर पत्रांत लिहीत राहिल्या, 'आपा बरे आहेत, तुझी आठवण काढतात'. हा वेडा अंत्यविधीला परत यायचा आणि पकडला जायचा, ही धास्ती. "वर्षभर मी मेलेल्या माणसाला नमस्कार लिहीत होतो. कॅलेंडरवर दोन तारखा आहेत ना? एक ते गेले ती. दुसरी मला कळलं ती. संघ जिंकतो तेव्हा कुणीही येतं, माधवी. तो बुडतो त्या दिवशी तिथे असायचं असतं. तू मला तिथून बाहेर काढलंस." आणि कठड्याला धरून खाली गेले.

पुढचे तीन आठवडे त्यांनी दार उघडलं नाही. मी डबा ठेवायचे, तो तसाच परत यायचा. मला राग आला, मग लाज वाटली. रात्रंदिवस बाबाच डोळ्यांपुढे. 'अल्सर आहे' असं आम्ही म्हटल्यावर ते मान हलवायचे आणि भिंतीकडे तोंड करून निजायचे... त्यांना सगळं माहीत होतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी पाहिलं नाही इतकंच.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, दुसऱ्या विभागातला पहिला सामना संपल्या-संपल्या, मी पावसात बाजारातून आले ती कोटासकट त्यांच्या दाराशी गेले आणि बंद दारालाच सांगितलं, "हरले. शून्य-तीन." मग आतून आवाज आला, "पेनल्टी होती का एखादी?" "एक होती. ती आपणच चुकवली." कडी निघाली. "आता कोट काढ," ते म्हणाले.

तेव्हापासून तोच नियम झाला. आधी निकाल, मग कोट. जिंकलेल्या दिवशीही उंबरठ्यात उभं राहूनच सांगायचं. गेल्या वर्षी ते वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये गेले तेव्हा मी सायकलवरून जायचे. हेल्मेट घातलेली बाई दारातच आकडे सांगते, हे बघून तिथल्या नर्स हसायच्या.

शेवटच्या शनिवारी मी म्हटलं, "शून्य-चार."

"घरच्या मैदानावर?"

"हो."

"लोक होते?"

मी फोटो मोठा करून पाहिला. "थोडे होते. पावसात छत्र्या घेऊन."

"मग ठीक आहे. कोट काढ." मी बसल्यावर ते म्हणाले, "माझाही निकाल आलाय. नाताळ दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणतो." असं अभद्र बोलू नका, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "भीती वाटते?" "वाटते," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसले. बाबांना हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीही नाही.

अंत्यविधीला आम्ही सातजण होतो. शवपेटीवर रफू केलेली जर्सी होती. नंतर नर्सने मला एक पिशवी दिली, तिच्यात ते कॅलेंडर होतं. मे महिन्याच्या पानावर, सामन्याच्या तारखेपुढे, 'उतरलो' असं लिहिलेलं. जुलैच्या पानावर, क्लबला फोन केला त्या तारखेपुढे, पुन्हा तेच, आणि खाली कंसात माझं नाव. मी ते आमच्या संडासात टांगलंय.

शनिवारी मी अजून निकाल पाहते. स्वयंपाकघराच्या दारात कोट घालून उभी राहते आणि मोठ्याने सांगते. गेल्या आठवड्यात दोन-एकने जिंकले, तेही सांगितलं.

कॅलेंडरवर एक नोंद मी केली आहे, त्यांच्याच जाड मार्करने. फेरीबाची. मी पानं पुढेमागे उलटून पाहिली. त्यांच्या नावाची तारीख एकच आहे. मला त्याच दिवशी सांगितलं होतं.