तायडे मॅडमनी उशिरा सांगितलेलं खरं

प्रा. शालिनी तायडे यांची माझी पहिली भेट अमरावतीच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, प्रवेशाच्या दिवशी झाली. मी बाळापूरहून वडिलांसोबत आले होते. कागद तपासताना मॅडमनी विचारलं, "इलेक्ट्रिकलच कावून घेतलं?" मी म्हणाले, "नोकरी लागते मनतात." बाकीचे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "खरं बोललीस. पण लागते म्हणून बसू नको, काम शिकून घे," असं म्हणून त्यांनी सही केली.

मॅडम आम्हाला विद्युत यंत्रं शिकवत आणि विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांचा विभागही सांभाळत. जळालेली मोटर प्रत्येकाला स्वतःच्या हातानं उकलून तिची तार पुन्हा गुंडाळावी लागे. मुलाखतीच्या तयारीत इंग्रजी अडलं तर त्या रागवत नसत. तार चुकीची जोडली तर मात्र सगळं पुन्हा करायला लावत.

यापुढचा प्रसंग वगळावा, असं मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी सुचवलं होतं. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तो नसेल तर माझ्यावर लेखच नको."

आमच्या शेवटच्या वर्षी पुण्याची एक कंपनी कॉलेजात आली. अकरा जणांना नेमणुकीची पत्रं मिळाली. त्यांत मी होते आणि चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातला माझा वर्गमित्र प्रवीण ढोरे होता. त्याच्या गावात फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. कॉलेजच्या माहितीपत्रकातही आमचे फोटो छापले गेले. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे गेली, मग फोन उचलणंच बंद झालं. मॅडम स्वतः पुण्याला गेल्या. पत्रावरच्या पत्त्यावर कुलूप लावलेला गाळा होता. अशी कंपनी नव्हतीच.

परत आल्यावर त्यांनी कॉलेजच्या संचालकांना सांगितलं. नवे प्रवेश चालू होते. "चार दिवस थांबा, मग मुलांना सांगू," असं उत्तर मिळालं. मॅडम थांबल्या.

त्याच दिवसांत प्रवीण कुणाला न सांगता पुण्याला गेला आणि तो गाळा पाहून आला. त्या चारांपैकी तिसऱ्या दिवशी त्यानं जीव दिल्याची बातमी आली.

मॅडम त्याच्या घरी निघाल्या, तेव्हा मी सोबत होते. जाऊ नका, असं कॉलेजनं बजावलं होतं. ओसरीवर प्रवीणची आई बसली होती. मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "कंपनी खोटी आहे हे मला आधी कळलं होतं."

"मंग सांगतलं कावून नाही, बाई?"

"थांबा म्हटलं, अन् मी थांबले. चूक माझी आहे."

आई म्हणाली, "तुमी सांगतलं असतं त माहा पोरगा घरी बसून रडला असता. रडला असता, बस. आता इकडे नोका येऊ."

मॅडम पुन्हा तिकडे गेल्या नाहीत. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तिनं नको म्हटलं. आता गेले तर ते माझ्या समाधानासाठी जाणं होईल."

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दहा जणांना प्रयोगशाळेत बोलावून सगळं सांगितलं. पत्रं खोटी असल्याचं कॉलेजला लेखी दिलं, माहितीपत्रकातले आमचे फोटो काढून टाकायला लावले, आणि नव्या माहितीपत्रकावर सही करायला नकार दिला. त्यांच्याकडून नोकऱ्यांचा विभाग काढून घेतला गेला. इलेक्ट्रिकलचं विभागप्रमुखपद त्यांना कधीच मिळालं नाही. सहकाऱ्यांपैकी, खरं सांगायचं तर, कुणीही त्यांच्या बाजूनं उभं राहिलं नाही.

त्यानंतरचे सहा महिने आम्हा दहा जणांना घेऊन मॅडम रोज कॉलेज सुटल्यावर एमआयडीसीतल्या मोटर दुरुस्तीच्या कारखान्यात जात. मला अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये देखभालीचं काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा त्या आधी स्वतः मिल पाहून आल्या. मुख्य पॅनल उघडायला लावलं, अर्थिंग तपासलं आणि मालकांना विचारलं, "बायकांसाठी संडास कुठं आहे?" नव्हता. तो बांधून झाल्यावरच त्यांनी मला रुजू होऊ दिलं. आज त्या मिलची सगळी यंत्रं माझ्या जबाबदारीवर चालतात.

मॅडम यंदा साठ वर्षांच्या झाल्या. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, तरी रविवारी त्यांच्या घरी बारावी झालेल्या मुलामुलींचे आईबाप येऊन बसलेले असतात. कुठल्या कॉलेजात काय खरं आणि काय नुसतं छापलेलं, ते मॅडम त्यांना तिथल्या तिथे सांगतात. उद्या या, असं कुणालाही म्हणत नाहीत.

मॅडम, तुम्हाला मोठं आणि निरोगी आयुष्य लाभो. स्वतःला माफ करायला माणसाला फार वेळ लागतो. तुम्हाला तेवढा वेळ मिळो.