ताईच्या घरातली हार्ड डिस्क

तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास ताई खडकीला आमच्या दारात रिक्षातून उतरली, तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. कपाळावरून ओघळलेलं रक्त भुवईत वाळलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती, आणि डाव्या काखेत तिनं ओढणीत गुंडाळलेला एक चेपलेला काळा डबा घट्ट धरला होता. आई ओरडली नाही. रिक्षा सोडू नकोस, दवाखान्यात जायचंय, एवढंच ती मला म्हणाली.

डबा म्हणजे कॅमेऱ्याचा रेकॉर्डर होता. ताईच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात ती, दाजी आणि दाजींची आई. दाजी एका खासगी कंपनीत नोकरीला. बोलणं इतकं मऊ, की दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे बाबा, ज्यांना जन्मभर साहेब लोकांनी अरेतुरे केलं, ते या जावयाच्या 'आपण बसा ना'वर खूष असायचे. त्या गुरुवारच्या वर्षभर आधी दाजींनी हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला. चोऱ्या वाढल्यात, असं आम्हाला सांगितलं. खरं कारण ताईनं त्या दिवशी कपाळाला टाके पडत असताना सांगितलं. घरी आल्यावर दाजी दिवसभराचं चित्रण पळवत पळवत बघायचे आणि ती कोणाशी किती वेळ बोलली याचा तिला जाब विचारायचे.

बुधवारी गॅसची शेगडी दुरुस्त करायला माणूस आला होता. ताईनं त्याला चहा दिला. गुरुवारी सकाळी दाजींनी ते पाहिलं. आधी थोबाडीत मारली, मग केस धरून भिंतीवर डोकं आपटलं, मग कुकरचं झाकण. ती हॉलमधून बेडरूममध्ये पळायला गेली तेव्हा तिचा हात चौकटीवर होता. त्यांनी दार लावलं, आणि हात मध्ये आहे हे दिसल्यावर पुन्हा एकदा जोरात लावलं. त्यानंतर त्यांची नजर कॅमेऱ्याकडे गेली. शोकेसमधून रेकॉर्डर उपटून त्यांनी तो ओट्याच्या कडेवर आपटला, पायाखाली तुडवला आणि जिन्यात भिरकावला. मग ते हात धुवायला आत गेले. ताई तेवढ्यात बाहेर पडली आणि जिन्यात पडलेला डबा तिनं उचलला. का उचललास, असं मी विचारलं. ती म्हणाली, मला कधी न घाबरणारा माणूस त्या डब्याला घाबरला, एवढं मला दिसलं.

पोलीस चौकीवर आम्ही पोचायच्या आधी दाजी येऊन गेले होते. बायको बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि रागानं माहेरी गेली, असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि त्यांच्या आईनं खाली सही केली होती. हवालदारांनी ताईच्या बोटांच्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाथरूममध्ये पडल्यात म्हणे," ते म्हणाले. "फरशी बदलून घ्या."

अदखलपात्र म्हणून एक नोंद झाली आणि आम्ही घरी आलो.

शनिवारी सकाळी दाजी एका मित्राला घेऊन खडकीला आले. ताईला न्यायला आलोय, असं म्हणाले, पण दोन वाक्यांत डब्यावर आले. डबा आमच्या घरातला आहे, तो द्या. बाबा दारात आडवे उभे राहिले. दाजींनी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं आणि बाबांचं डोकं सेफ्टी डोअरच्या कडीवर आपटलं. तो आवाज मी ऐकला आणि पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी त्यांच्या छातीवर बसलो होतो. माझ्या मुठीला त्यांचा दात लागून कातडी फाटली होती. ते हात जोडत होते आणि मी मारत होतो. मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. ताईच्या हातावर दार लावताना त्यांनाही असंच बरं वाटलं असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शेजारच्या दोघांनी मला काखेत धरून ओढलं. दाजींचा पुढचा दात पडला होता. माझ्याविरुद्धची तक्रार त्याच दिवशी नोंदली गेली, आणि ती दखलपात्र होती.

आता आमच्या बाजूनं पुरावा हवा होता, म्हणून रविवारी दुपारी मी डबा उघडला. मी एका कॉलेजात संगणकांच्या प्रयोगशाळेची देखभाल करतो आणि घरचं मशीन विंडोजऐवजी लिनक्सवर चालवतो. रेकॉर्डरच्या बोर्डाचे दोन तुकडे झाले होते, पण आत साध्या संगणकात असते तशीच साटा हार्ड डिस्क होती. वायर आधी उपटली गेल्यामुळे आपटताना ती फिरत नव्हती. थांबलेली डिस्क धक्का बराच सोसते. मी ती माझ्या मशीनला जोडली. यादीत डिस्क दिसेना. मोकळं पोर्ट माझ्या मशीनच्या बोर्डावरच्या दुसऱ्या कंट्रोलरचं, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या चिपचं होतं आणि तो कंट्रोलर भलत्याच मोडमध्ये ठेवलेला होता. सेटिंग बदललं, मशीन पुन्हा चालू केलं. आता लिनक्सला तिथे काहीतरी आहे हे कळत होतं, पण पडद्यावर एकच संदेश पुन्हा पुन्हा येत होता: जोडणी हळू प्रतिसाद देतेय, पुन्हा प्रयत्न, प्रयत्न फसला. मी केबल बदलली. तेच. दुसरी केबल. तेच. माझी सुजलेली मूठ ठणकत होती, आणि एका क्षणी मी डिस्क उचलून भिंतीवर मारणार होतो. हात वर गेला होता.

ताई मागे बसली होती. "तू पण?" ती म्हणाली.

मी डिस्क खाली ठेवली आणि टॉर्च घेऊन डिस्कचं तोंड पाहिलं. केबल जिथे बसते तिथली प्लॅस्टिकची पट्टी मुळातून तुटली होती. बारीक पिना तेवढ्या उघड्या उरल्या होत्या. पट्टीशिवाय केबल बसत नव्हती, जरा हलली की सुटत होती. ताईनं खुर्ची पुढे ओढली आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी केबल पिनांवर दाबून धरली. लिनक्सला डिस्क दिसली, दहा सेकंदांत पुन्हा गेली. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी मशीन चालू होतानाच लिनक्सच्या गाभ्याला, कर्नलला सांगितलं, की या पोर्टवर सगळ्यात कमी वेगानंच बोल. जोडणी टिकली. मी डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही याची काळजी घेतली आणि तिची अख्खी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावली. केबल मी टेपनं बांधतो म्हटलं, पण ताईनं बोटं काढली नाहीत. आईनं तिला भाताचे घास तिथेच भरवले.

प्रतीमधून व्हिडिओचे तुकडे वेगळे काढायला पुढचे दोन दिवस गेले. आवाज नव्हताच. गुरुवारचा तुकडा मिळाला: केस, भिंत, झाकण, दार, पुन्हा दार. सोफ्यावर दाजींची आई बसलेली, मांडीवरची भाजी निवडत. बाबा मध्येच उठून मोरीत गेले आणि ओकले.

मी बाकीचे तुकडे बघत राहिलो. गुरुवारच्या दहा-बारा दिवस आधीच्या एका तुकड्यात मी स्वतः होतो. त्या दिवशी दाजींचा लॅपटॉप दुरुस्त करायला मी गेलो होतो. टेबलापाशी, खोलीकडे पाठ करून बसलेलो. माझ्या मागे चार हातांवर ताई पोह्यांची बशी घेऊन उभी होती. दाजींनी तिचं मनगट धरलं आणि पिळलं. बशी पडली. ती वाकत वाकत गुडघ्यांवर आली, तोंड उघडं, आणि पूर्ण वेळ ती माझ्या पाठीकडे बघत होती. पडद्यावर माझे खांदे हलले. मला आठवलं. बशीचा आवाज ऐकून मी विचारलं होतं, काय पडलं. दाजी म्हणाले होते, तुझी बहीण, दुसरं काय. आणि मी हसलो होतो. मनात काहीतरी खटकलं होतं, कारण ताई हसली नव्हती. तरी मी वळलो नव्हतो.

तो तुकडा वगळावा असं मला वाटलं. गुरुवारचा पुरेसा होता. ताईनं ते ओळखलं.

"तो कापू नकोस," ती म्हणाली. "एक दिवसाचं भांडण होतं असं म्हणतील. सगळं दे."

"ताई, मला तेव्हा..."

"तू हसलास ते मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग उठून पाणी प्यायला गेली.

आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. डिस्क मी घरी उघडली म्हणून त्यांनी मला झापलं, मूळ डिस्क पाकिटात घालून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे नेली, आणि ताईचा गुन्हा रीतसर नोंदवून घेतला. दाजी काही दिवस आत होते, मग जामिनावर सुटले. ताईची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. ती आता आमच्याकडेच असते, एका शाळेच्या कार्यालयात काम करते. त्या घरात ती पुन्हा गेली नाही, तिचे कपडे आणायलाही नाही.

गेल्या वर्षी माझी साक्ष झाली. चित्रण न्यायालयात लावलं. दाजींच्या वकिलांना माझा तुकडा आवडला. तो त्यांनी दोनदा चालवून घेतला. मग विचारलं, तुमच्या मागे चार हातांवर बहिणीला मारहाण होत होती आणि भावाला कळलं नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?

ताई समोरच्या बाकावर बसली होती. मी म्हणालो, "कळलं होतं. मी वळलो नाही."

टंकलेखकानं ते लिहून घेतलं. माझ्यावरची दात पाडल्याची केसही सुरूच आहे, आणि तिथेही मी मारलं असंच सांगणार आहे.