दुकानात कुणीतरी जड हवं

...तर त्या गिऱ्हाईक बाईंना वाटलं, सोफा इतका झकास झालाय की माणसाला बसल्या बसल्या डुलकी लागली. त्या कौतुकाने आत गेल्या आणि नवऱ्याला बाहेर घेऊन आल्या. "अहो, बघा तरी, झोपले की हे!" नवराही खूश झाला. सोफ्याचे हात चाचपले, पाठ थोपटून बघितली. मग त्याचं लक्ष झोपलेल्याच्या तोंडाकडे गेलं, आणि तो एकदम ओरडला, "अगं, ओठ बघ याचे! निळे पडलेत!"

काल जे नव्हते त्यांना सांगायला हवं, की हा झोपलेला म्हणजे आपला बाळ्या. बसथांब्यासमोर सोफे भरायचं जे दुकान आहे ना, ते दोन भावांचं. थोरल्याला सगळे दादा म्हणत, धाकट्याला बाळ्या. पण बाळ्या म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे काही येतं ते पुसून टाका. हा बाळ्या दुकानाच्या दारातून आत शिरायचा तो आडवा होऊन. आणि दादा त्याच्याहून भारी. दोघे एका स्कूटरवर बसून निघाले की मागचं चाक कण्हत कण्हत जायचं. लोकांनी दुकानाला 'डबलबेड' असं नाव ठेवलं होतं. पाटीवर दुसरंच काहीतरी होतं म्हणा, पण पाटी वाचतो कोण?

आणि लाज कसली ती त्यांना नव्हतीच, कारण अंगातलं वजन हेच त्यांचं हत्यार. जुन्या पद्धतीच्या सोफ्यात लोखंडी स्प्रिंगा असतात. त्या दाबून धरायच्या आणि दाबलेल्या असतानाच सुतळीने एकमेकींना बांधायच्या. दाब कमी पडला तर सोफा चार दिवसांत पोक काढतो. बाकीचे कारागीर त्यासाठी शिकंजा, म्हणजे आवळून दाबायचा लोखंडी चाप, वापरतात. इथे दादा स्प्रिंगांवर फळी टाकून तिच्यावर बसे आणि बाळ्या खाली वाकून गाठी मारी. दादाला कंटाळा आला की बाळ्या वर, दादा खाली. सोफा घरी पोचवला की दोघांपैकी एक जण गिऱ्हाइकासमोर त्यावर धपकन बसून दाखवायचा. मग टिकेल का, हा प्रश्न विचारायची कुणाची छाती होत नसे.

त्या दिवशी बसून दाखवायची पाळी बाळ्याची होती, एवढंच.

इस्पितळात दादा पलंगाचा गज धरून लहान मुलासारखा रडला. वडील असेच गेले होते, दुकानातल्या खुर्चीत, हातात कात्री असताना. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला फटकळ. म्हणाल्या, "हृदयाचा झटका होता, हे वाचले. पण रक्त तुमचंही तेच आहे, दादा. रोज चालायचं. दोघांनी."

"चालू की!" दादा डोळे पुसत म्हणाला. "उद्या म्हणाल तर उद्यापासून!"

शब्दाला जागला बरं का. बाळ्या घरी येऊन हिंडायफिरायला लागला त्या दिवशी दादा पहाटे त्याच्या दारात हजर. नवे बूट, नवा टॉवेल. दोघे तलावाच्या वाटेला लागले. वाटेच्या तोंडाशीच चहाचं दुकान, आणि दुकानापुढे बाकडं. दादाने बाकड्याकडे बघितलं, बाकड्याने दादाकडे बघितलं.

"तू हो पुढे," दादा टेकत म्हणाला. "आणि जातोच आहेस तर माझीही एक चक्कर मारून ये."

बाळ्या हसला. रखडत, धापा टाकत तलावाला वळसा घालून आला. बघतो तर दादा बिस्किट चहात बुडवतोय. आता कुणी म्हणेल वेडेपणा, पण बाळ्याच्या मनाने काय घेतलं कोण जाणे, तो न थांबता तसाच दुसऱ्या वळशाला निघाला. दादाची चक्कर. नाही मारली आणि दादाला काही झालं तर? ती धास्ती एकदा मनात बसली ती बसलीच. रोज आपली एक, दादाची एक. पुढे चालून भागेना, कारण दुकान उघडायला उशीर व्हायचा, म्हणून दादाची चक्कर तो पळत मारायला लागला. मग दोन्ही पळत. मग तलाव पुरेना, तेव्हा पुलापलीकडच्या रस्त्याने.

वर्ष उलटलं आणि बाळ्या ओळखू येईनासा झाला. गालफडं बसली, विजारी आवळून शिवून शिवून खिसे मागे एकमेकांना भेटले. त्याची बायको शेजारणीला सांगायची, "लग्न एकाशी केलं होतं हो मी. आता घरात हा दुसराच कोण हिंडतो? आणि जायचं नावही काढत नाही!"

सगळे हसायचे. बाळ्याही हसायचा. एकदा मात्र काय झालं, फळीवर बसायची त्याची पाळी आली. तो बसला. स्प्रिंगा जिथल्या तिथे. उठून धाडकन बसला. स्प्रिंगांनी त्याला अल्लद वर उडवलं. दादा हसून हसून खोकायला लागला.

"उतर खाली, चिमणे! तुझं काम नाही ते. दोघंही वाळलो तर दुकान कोण चालवणार? एक जण तरी जड नको का?"

बाळ्या खाली उतरला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आपण इतकं पळालो, आणि पळून पळून दादाला बसायला आयतं निमित्त मिळवून दिलं! दुसऱ्याच दिवशी त्याने शिकंजा आणला. चांगला, जड, तेल घातलेला. दादाने तो कोपऱ्यात उभा केला आणि त्यावर आपला ओला टॉवेल वाळत घातला.

मग बाळ्याने काय काय केलं म्हणता! रागावला, अबोला धरला, साखरेचा डबा माळ्यावर नेऊन ठेवला. दादाने बिनसाखरेचा चहा घेतला आणि साखर बाहेर खाल्ली. वहिनी म्हणाली, "भावजी, मी तर कधीच हात टेकले. तुमचं ऐकतील असं वाटलं होतं."

दिवसभराच्या शर्यतीत त्याने नाव घातलं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मैदानाला फेऱ्या. त्याच्याहून निम्म्या वयाचे गडी पायात गोळे येऊन गवतावर लोळत होते आणि हा एका लयीत चाललेला. संध्याकाळी पाहुण्यांनी त्याच्या गळ्यात पदक घातलं आणि म्हणाले, "याला म्हणतात मनाची ताकद!" टाळ्या पडल्या. बाळ्याला वाटलं, कसली ताकद? असती, तर दादाला बाकड्यावरून उठवून दाखवलं नसतं का?

दादा शर्यत बघायला येणार होता. आला नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरतानाच त्याला धाप लागली होती.

बाळ्या त्याला इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरबाई त्याच. त्यांनी कागद बघितले आणि या वेळी फटकळपणे बोलल्या नाहीत, त्यामुळे बाळ्या जास्तच घाबरला. म्हणाल्या, "शस्त्रक्रिया करावी लागेल. पण इतक्या वजनावर भूल द्यायला कुणी तयार होणार नाही. आधी उतरवा थोडं. थोडं तरी." दादाने शहाण्या मुलासारखी मान हलवली. बाहेर येऊन विचारलं, "चहा घ्यायचा का रे?"

दुसऱ्या दिवशी एक मोठा सोफा पुरा करून द्यायचा होता. दादा फळीवर बसला, बाळ्या खाली वाकला. डोक्यावर दादाचा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता. बाळ्याच्या हातातली गाठ तीनदा सुटली.

"पाणी दे रे जरा," दादा म्हणाला.

बाटली खिडकीत होती. एरवी बाळ्या उडी मारून उठला असता. आज उठला नाही.

"तू घे उठून."

"अरे, अर्ध्या गाठी व्हायच्यात! मी उठलो तर सगळ्या स्प्रिंगा उसळतील."

"ठाऊक आहे मला."

दादाने वाकून त्याच्याकडे बघितलं. हसला. घाम टिपला आणि हळूच म्हणाला, "मला समजत नाही बघ, बाळ्या. तू मरणातून उठलास, वाऱ्यासारखा पळतोस, लोक टाळ्या वाजवतात. अजून पाहिजे तरी काय तुला?"

बाळ्याने सुतळी खाली टाकली आणि म्हणाला, "ऊठ, दादा. स्प्रिंगा उसळू देत, सोफा गेला खड्ड्यात, तू फक्त ऊठ."