मार्चनंतर लेवी कुठं जाणार?

लग्नाच्या पंगतीत किस्से होतात, पण पंगत उठली की संपतात. चर्चचं तसं नाही. तीच माणसं दर रविवारी त्याच बाकांवर बसतात, त्यामुळे एक किस्सा शिळा व्हायच्या आत दुसरा तयार! मी आमच्या नाशिकच्या मंडळीचा चिटणीस. गेल्या वर्षीचे हे काही.

आमचे पाळकसाहेब बायबल क्रमाने शिकवतात. मार्चमध्ये ते रिटायर होणार होते, म्हणजे चर्चच्या आवारातला बंगला सोडायचा होता. स्वतःचं घर नाही, गावी जमीन नाही. आणि नेमके त्याआधीच्या हिवाळ्यात शिकवता शिकवता लेवींपर्यंत आले.

"इस्राएलच्या बाकी वंशांना जमिनी मिळाल्या," साहेब सांगत होते, "लेवी वंशाला नाही. ते देवाच्या सेवेत. म्हणून बाकीच्यांनी पिकाचा दहावा हिस्सा देऊन त्यांना सांभाळायचं."

घोटीचे शांतवनभाऊ, भाताचे शेतकरी, भर उपासनेत उठले. "साहेब, मार्चनंतर तुम्ही कुठं जाणार?"

साहेब लाजले. "शांतवन, मी लेवींचं सांगतोय!"

"मी बी त्यांचंच इचारतोय. मार्चनंतर लेवी कुठं जाणार?"

\*\*\*

पुढच्या रविवारी प्रथमफळाचा धडा झाला. शेतातलं पहिलं पीक देवाला आणायचं आणि ते याजकाच्या, म्हणजे लेवींतल्या पुजाऱ्याच्या घरी जायचं. लोकांनी मनावर घेतलं. पण मेथीचे दिवस! वेदीपुढे मेथीचा डोंगर.

सोमवारी मेथीची भाजी, मंगळवारी पराठे, बुधवारी मेथी-पिठलं. गुरुवारी महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये पाळकीणबाई म्हणाल्या, "रानात रोज तोच आकाशातून पडलेला मान्ना खाऊन इस्राएल लोक देवावर का कुरकुरले, ते मला या आठवड्यात समजलं!"

\*\*\*

एकलहऱ्याचे रत्नाकर वीज केंद्रात नोकरीला. त्यांना शेत नाही. "साहेब, मी पहिलं पीक काय आणू?"

"तुझी पहिली सुट्टी दे."

रत्नाकर सुट्टीच्या दिवशी पकड-टेस्टर घेऊन बंगल्याचं वायरिंग तपासायला आले. दुपारी बंगल्यातली लाइट गेली, ती दुसऱ्या दिवशी दुसरा वायरमन आला तेव्हा आली. संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात साहेबांनी प्रार्थना केली, "प्रभू, रत्नाकरच्या घरच्यांना सांभाळ. आणि त्याची पुढची सुट्टी कॅन्सल कर."

\*\*\*

बोकड अर्पण केला की खांदा, दोन्ही गालफडं आणि कोथळा याजकाचा, असं नियमशास्त्रात आहे. शांतवनभाऊंनी ते वाचलं आणि नाताळात बोकड कापल्यावर पिशवी भरून थेट बंगल्यावर हजर.

साहेब दारातच म्हणाले, "अरे, मला डॉक्टरांनी मटण बंद केलंय."

"पर पुस्तकात लिवलंय त्याचं काय?"

तेवढ्यात आतून पाळकीणबाईंचा आवाज आला, "डॉक्टरांनी याजकाला बंद केलंय, याजकाच्या बायकोला नाही! आत आणा, भाऊ."

\*\*\*

इंदिरानगरच्या सुहासताई एका रविवारी थोरल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आल्या. "साहेब, पहिला जन्मलेला देवाचा, असं तुम्हीच म्हणालात ना? घ्या. सत्तावीस वर्षांचा आहे. दिवसभर मोबाइल."

साहेब हसले. "ताई, त्यालाही सोय आहे. थोडं द्रव्य भरून पहिला मुलगा सोडवून घेता येतो."

"नको नको," ताई घाईने म्हणाल्या, "मला सोडवायचा नाही!"

\*\*\*

फेब्रुवारी उजाडला तरी घराचं काही ठरेना. लेवींना राहायला बाकीच्या वंशांनी आपल्यातली काही गावं दिली, हा धडा साहेबांनी चक्क गाळला. विचारलं तर म्हणाले, "तो शिकवला तर मागितल्यासारखं होईल."

शांतवनभाऊंनी घरी वाचला. मग आम्हाला सगळ्यांना घोटीला नेलं. शेताच्या कडेला दोन खोल्या, नवा रंग, पुढे पडवी. "तुम्ही दोघं हायेत तवर ह्ये घर तुमचं. म्होरल्या वाफ्यात मेथी सोडून काय बी लावा."

साहेब पडवीतच थांबले. "शांतवन, हे फार होतंय रे..."

पाळकीणबाईंनी मात्र भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "भाऊ, इथे खिळा ठोकला तर चालेल?"

इथे एक सांगायला हवं. चर्चचा बंगला म्हणजे संस्थेची मालमत्ता. कॅलेंडरला खिळा हवा तरी कमिटीत ठराव लागतो. सूचक, अनुमोदक, मग हात वर करून मतदान. बाईंच्या आरशाचा ठराव मीच लिहिला होता. दोनदा पुढे ढकलला गेला होता.

"बाई, घर तुमचं हाय म्हनलं ना!" शांतवनभाऊ म्हणाले. "धा ठोका."

बाईंनी पर्स उघडली. आत खिळा होता. शांतवनभाऊंच्या बायकोकडून वरवंटा मागून घेतला आणि खिळा भिंतीला लावला.

सवयीने साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, ठराव?"

"सूचक मी, अनुमोदक मी," बाई मागे न बघता म्हणाल्या, आणि पहिला घाव घातला.

साहेबांनी मुकाट्याने हात वर केला.