चार बटणं आणि कपबशी

महापालिकेची निवडणूक जाहीर झाली आणि मी आईसाठी घरातच मतदान यंत्र बनवलं. मिठाईच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर पतंगाच्या कागदाच्या चार पट्ट्या चिकटवल्या, पांढरी, गुलाबी, पिवळी आणि निळी. मग आईच्याच शिवणाच्या डब्यातली ब्लाऊजची बटणं प्रत्येक पट्टीवर ओळीने डकवली. यंत्र झकास झालं होतं. विद्यार्थिनी मात्र ढ होती.

आई गुलाबी पट्टीवरचं एक बटण दाबायची, हात जोडायची आणि म्हणायची, "झालं."

"झालं नाही, आई. अजून तीन राहिली."

"कोणाची?"

इथून पुढे माझा आवाज चढायचा. शाळेत गणित शिकवण्यात माझी हयात गेली, पण घरच्यांना शिकवायला लागणारा धीर देवाने मला दिलेला नाही. गेल्या वेळेपर्यंत आमच्याकडे सरळ मामला होता. एक वॉर्ड, त्याचा एक नगरसेवक, आपलं एक मत. आमचा कोपर भागातला वॉर्ड दहा मिनिटांत चालून संपायचा. या खेपेला असे चार वॉर्ड एकत्र करून एक मोठं पॅनेल केलं होतं, ते पार खाडीकडच्या नव्या टॉवरांपर्यंत पसरलं होतं. चार जागा, चार नगरसेवक, आणि प्रत्येक मतदाराने चार बटणं दाबायची. चारही दाबल्याशिवाय यंत्राची लांब शिट्टी वाजत नाही, म्हणजे मतदान पुरं होत नाही.

"चार माणसं असली की एक तरी फोन उचलेल," मी समजावलं.

"चौघं असली की प्रत्येकाला वाटेल दुसरा उचलेल," आई म्हणाली. "बारभाईचा कारभार नुसता."

तिला एकीलाच मत द्यायचं होतं. आमच्या जुन्या वॉर्डाच्या नगरसेविकेला, जिची निशाणी या वेळी कपबशी होती. ती इथलीच, चार पिढ्यांची. आमची बिल्डिंग उभी आहे ती तिच्या सासऱ्यांच्या भातशेतीत, आणि "काकू, तुमी आमच्या भातात राहता, भाडं द्या," हा तिचा वर्षानुवर्षांचा विनोद. आई गॅलरीतून हाक मारायची, "अगं, नळाला पाणी नाही!" आणि ती खालून ओरडायची, "येतं, येतं, टाकी भरत्ये!" महापालिका म्हणजे आईच्या लेखी एवढंच होतं. मग मुदत संपली, कितीतरी वर्षं निवडणूकच झाली नाही, नगरसेवकच उरले नाहीत. तरी आई गॅलरीतून हाका मारत राहिली आणि ती ओ देत राहिली. आता पक्षाने तिला तिकीट नाकारलं होतं. ती अपक्ष उभी होती, आणि पॅनेलमधल्या तीन हिश्श्यांत तिला कुत्रंही ओळखत नव्हतं.

"ती पडणार आहे, आई. मत वाया जाईल तुझं," मी एकदा चिडून बोलून गेले.

आईने माझ्या पुठ्ठ्याच्या यंत्रावरचं गुलाबी पट्टीतलं बटण पुन्हा दाबलं.

खरं सांगायचं तर मला काळजी मतांची नव्हतीच. गेल्या वर्षभरात आई आमटीत दोनदा मीठ घालायला लागली होती. दुपारी विचारायची, "आज शाळा नाही का तुला?" मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. याच वाटेने बाबा गेलेले मी पाहिले होते, त्यामुळे मी आईजवळ या गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नव्हते. तिला काही कळत नाहीये, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. आणि म्हणून ही चार बटणं तिला जमायलाच हवीत, असा मी ध्यास घेतला होता. चार बटणं जमली म्हणजे आई अजून शाबूत आहे. ती म्हणत होती, "माझं मत मी एकटी देणार, तू आत यायचं नाहीस." मलाही तेच हवं होतं.

मतदान संक्रांतीच्या सुमारास आलं. आईने काळी चंद्रकळा नेसली, मी तिच्या पर्समध्ये ओळखपत्र घातलं आणि आम्ही रिक्षाने शाळेत गेलो. रांगेत ती माझ्या पुढे होती. बोटाला शाई लागली, ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. एक छोटा आवाज आला. आणि लगेच आई बाहेर येऊन सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दिलं कपबशीला. झालं."

खोली हसली. उमेदवारांची माणसं बसली होती बाकांवर, तीही हसली. टेबलामागच्या मॅडम घाईघाईने उठल्या. "आजी, कुणाला दिलं ते सांगायचं नसतं. आणि अजून तीन राहिलीत. आत जा."

"बाकीच्यांना मी ओळखत नाही."

"मग 'वरीलपैकी कोणी नाही' दाबा. पण दाबावं लागेल, आजी. मशीन अडकून राहिलंय."

"आई, प्रत्येक पट्टीतलं शेवटचं बटण!" मी रांगेतून ओरडले.

"तुम्ही गप्प बसा हो," मॅडम माझ्यावर खेकसल्या. बरोबरच होतं त्यांचं.

आई मात्र हलेना. ती मॅडमना शांतपणे, अगदी शेजारणीला सांगावं तशी सांगायला लागली. "तसं नव्हे. माझ्या यजमानांना शेवटी शेवटी घर सापडत नसे. या कपबशीवालीनेच आणून सोडलं त्यांना, तीनदा. आता माझंही तसंच होतंय. हिला माझं घर माहीत आहे. त्या तिघांना कुठे माहीत असणार?"

कोणी हसलं नाही. माझ्या बोटावरची शाई अजून ओली होती, मी त्या शाईकडे बघत राहिले. आईला सगळं कळत होतं. माझ्याही आधीपासून कळत होतं, आणि ती एकटी त्याची तजवीज करत होती. मी तिला बटणं शिकवत होते. मला माझीच इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

मॅडमचा आवाज खाली आला. "बरोबर आहे तुमचं, आजी. पण ती तीन दाबली नाहीत तर हे एकपण पुरं होणार नाही."

हे आईला पटलं. ती आत गेली. जरा वेळाने लांब शिट्टी वाजली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. कपबशी सपशेल पडली. संध्याकाळी तीच तिळगूळ घेऊन आमच्याकडे आली, डोळे सुजलेले, तोंड हसरं. "गोड बोला काकू, पडलेल्या माणसाशी," म्हणाली. आईने तिच्या गालावरून हात फिरवला.

बाबांना ती आणून सोडायची तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. एकदा ते ठाकुर्लीच्या बाजूला सापडले होते, एका पायात चप्पल नव्हती. तिने स्कूटरवरून आणलं, आणि जिन्यात शेजारी जमले होते त्यांच्यादेखत म्हणाली, "काका माझ्या हापिसात गप्पा मारायला आलेले. मीच उशीर केला." तीनही वेळा हेच वाक्य. बाबांची मान ताठ राहिली ती त्या वाक्यामुळे.

महिन्याभराने एका दुपारी माझा डोळा लागला आणि उठून बघते तो दार उघडं, आई नाही. मी बिल्डिंगभर, गल्लीभर, देवळापर्यंत धावले. परत आले तर फाटकाशी स्कूटर थांबत होती. मागे आई, तिची कंबर घट्ट धरून बसलेली.

"काकू माझ्याकडं गप्पा मारायला आलेल्या," ती म्हणाली. "चहा पाजला न आनलं."

मी मान डोलावली. "बरं झालं," एवढंच कसंबसं म्हटलं.

आई सावकाश उतरली, पदर सारखा केला. "कसला चहा?" ती म्हणाली. "रस्ता चुकले होते मी. हिने लांबून ओळखलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू म्हणत होतीस, मत वाया जाईल."