उंबऱ्यावरची कुऱ्हाड

आमच्याकडे सगळे नवरे घरजावईच. लग्न झालं की बाप्या कुऱ्हाड खांद्यावर टाकून बायकोच्या गावी राहायला येतो. घर तिचं, शेत तिचं, पोरांवर हक्क तिच्या भावाचा. नवऱ्याची काय ती कुऱ्हाड तेवढी. मेहुण्याने एक दिवस ती उचलून उंबऱ्यावर ठेवली की समजायचं, इथलं दाणापाणी संपलं.

म्हणूनच माशांच्या डोहांची राखण आम्ही घरजावयाकडे देतो. त्याचा इथे भाचा नाही, भाऊ नाही, भीड कुणाची धरणार? आमचं चिल्वा तळं आटलं त्या वर्षी राखण लिपेंगाकडे होती.

तळं आटणं आम्हाला नवं नाही. पाणी खारट होत मागे सरतं, होड्या चिखलात कलंडतात, बाप्ये मजुरीला दूर जातात. शहरातले साहेब येऊन भेगांचे फोटो काढतात आणि तळं मेलं म्हणून छापतात. एकाला मी तोंडावर सुनावलं होतं, की मेलंबिलं काही नाही, बी आम्ही जपून ठेवलंय. ते बी म्हणजे सोंबानी नदीच्या तोंडाशी, लव्हाळ्यात राहिलेले तीन डोह. मिशीवाला म्लांबा मासा चिखलातही तग धरतो, वर येऊन हवा गिळतो. माकुंबा मासळीचं तसं नाही, तिला पाणीच लागतं. तिची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत घास घेत नाही. डोहातल्या माद्या जगल्या तर पावसानंतर दोन-तीन वर्षांत तळं पुन्हा माशांनी भरतं. त्या गेल्या तर नुसतं पाणी भरेल.

हे शिकवायला लिपेंगाकडे कोणी आलं नव्हतं. तो रोज सकाळी ओंजळभर पाणी चाखायचा, कितपत खारटलं ते बघायला. मग बाभळीखाली बसून वेताचे सापळे विणायचा. पाणी नाही, मासा नाही, हा सापळे विणतोय. मी हसले तर म्हणाला, "तळ्याला घाई नाही, मला कशाला असेल?" असला थंड माणूस. मच्छीमारांच्या बैठकीत मी घसा फोडायची आणि हा कोपऱ्यात वेत सोलत बसायचा. माझं डोकं फिरायचं.

त्याच वर्षी त्याची मुलगी लोनेसी वयात आली. आमच्यात मुलगी विधी करून बाहेर आली की गावजेवण लागतं, आणि ते घालायचं मामाने. मामा म्हणजे जालासी, लिपेंगाच्या बायकोचा, एसिमेचा, थोरला भाऊ. मोठा मानाचा माणूस, घराण्याचा कारभारी म्हणून इथेच राहणारा. पाहुणे चार गावांचे, आणि मक्याच्या पिठाच्या न्सिमाच्या गोळ्याबरोबर वाढायला मासा नाही म्हणजे त्याचं नाक कापलं जाणार होतं.

भर दुपारी, सगळे सावलीला पडलेले असताना, जालासी मधल्या डोहावर आला. पिशवीत कुटलेला पाला होता, मासे गुंगवणारा. लिपेंगाने वाट अडवली. मी लव्हाळं कापत होते, सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"बाजूला व्हा, दाजी. तुमच्याच पोरीचं जेवण आहे."

"पोर तुमची आहे, मेहुणे. ती जन्मल्यापासून हेच ऐकतोय."

"मग मध्ये पडू नका. उसना कोंबडा दुसऱ्याच्या अंगणात आरवत नाही."

"आरवत नाही म्हणूनच तर राखणीला ठेवलाय." असं म्हणत त्याने पिशवी काढून घेतली, इतक्या हळू, की जणू मेहुण्याच्या हातचं ओझं घेतोय.

मी धावत जाऊन जालासीच्या सात पिढ्या उद्धरल्या. लिपेंगाने मलाच गप्प केलं. पण दुसऱ्या दिवशी पंचांपुढे तो स्वतः उभा राहिला, पिशवी ठेवली आणि नाव घेतलं. जालासीला बकरा दंड झाला. तो बकरा गावजेवणासाठी बांधलेला होता, त्यामुळे जेवणाला उसळ आणि भोपळ्याची पानं. बायकांनी फेर धरून मामाच्या पाहुणचारावर गाणं रचलं. ते आजही म्हणतात.

तिसऱ्या दिवशी कुऱ्हाड उंबऱ्यावर होती.

अख्खा गाव बघत होता. लिपेंगाने ती उचलली, खांद्यावर टाकली आणि निघाला. एसिमे दारात उभी होती. तिने डोळे पुसले नाहीत, हाक मारली नाही. मला वाटलं, संपलं. पण फाट्यावर तो गावाबाहेर वळला नाही, डोहाकडे वळला. दिवस मावळेपर्यंत बाभळीचे काटेरी फांदे तोडत होता आणि तिन्ही डोहांत बुडवत होता. जाळं ओढलं तर फाटेल, पाय घातला तर काटा रुतेल. आपण गेल्यावर राखण कोण करणार, याची सोय लावून मगच जायचं होतं त्याला.

हात रक्ताळलेले, तो रात्री उशिरा निरोप घ्यायला दारात आला, तर ओट्यावर जालासी बसलेला. उजवा पाय मांडीवर, टाच सुजलेली, आत बोटभर काटा. दिवे लागायच्या सुमारास तो कुठे गेला होता हे विचारायची गरज कुणाला नव्हती.

एसिमेने सुई आणि कोमट पाणी पुढे ठेवलं. भावाला म्हणाली, "दादा, काटा यांच्याकडून काढून घे. मग सांग यांना जायला."

लिपेंगा खाली बसला. मेहुण्याची टाच मांडीवर घेतली आणि जाळ्यातून पिल्लू सोडवावं तसा काटा सोडवला. डोहाचं नाव काढलं नाही, टोमणा मारला नाही. मी असते तर वर्षभर पुरवून मारला असता. जालासी लंगडत उठला, दाराशी टेकवलेली कुऱ्हाड उचलली आणि स्वतःच्या हाताने छपराच्या गवतात, तिच्या जागी, खोचून ठेवली.

"दाजी, पुढच्या वेळी फांदे जरा आत टाका. काठाला पोरंबाळं येतात."

"पोरंबाळं येत नाहीत, मेहुणे," लिपेंगा म्हणाला. "मोठे येतात."

एसिमे पदराआड हसली. जालासीला हसू दाबता आलं नाही.